एमजी टीडीचे १२५० सीसी इंजिन स्टँडवर चढवताना मागचे बोल्ट कोणते व कसे घ्यावेत?

प्रश्न

माझ्याकडे १९५१ सालची एमजी टीडी ही ब्रिटिश मोटार आहे. तिचे एक्सपीएजी इंजिन गेल्या आठवड्यात बाहेर काढून गिअरबॉक्स वेगळा केला. सध्या इंजिन क्रेनच्या साखळीला अडकवलेले असले, तरी त्याचा भार दोन जुन्या टायरांवर टेकवून ठेवला आहे. पुढील काम सावकाश आणि नीट व्हावे, म्हणून मी एक तीन पायांचा इंजिन स्टँड आणला. त्याच्या पाटीवर ४५० किलोची क्षमता लिहिलेली आहे. त्याच्या फिरत्या डोक्यावर सरकवता येणारे चार हात आहेत आणि प्रत्येक हाताच्या टोकाला पोकळ नळी आहे. त्या नळीतून लांब बोल्ट घालून तो ब्लॉकच्या मागच्या बाजूला, म्हणजे बेल हाउसिंग (क्लच झाकणारे गिअरबॉक्सचे कवच) बसते तेथे, आवळायचा असतो.

अडचण अशी आली की माझ्याजवळचे ८ मिमीचे लांब बोल्ट ब्लॉकच्या छिद्रात जेमतेम दोन आटे जाऊन अडकले. जोर न लावता मी ते परत काढले. गंमत म्हणजे मूळ बोल्ट काढण्यासाठी मला व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंच पद्धतीच्या) मापाचा रिंग पाना लागला होता, त्यामुळे आटेही व्हिटवर्थच असतील असे मी गृहीत धरले होते. परंतु व्हर्नियरने मोजल्यावर बोल्टची जाडी ८ मिमीच भरते. दुसरी अडचण याहून मोठी वाटते. वरची छिद्रे ब्लॉकच्या बिडात आहेत, पण खालची छिद्रे ब्लॉकमध्ये नसून अल्युमिनियमच्या संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) कडेत आहेत. स्टँडचे चारही हात वापरायचे, तर खालचे दोन हात संपला धरावे लागतील. असे करणे योग्य आहे का? फ्लायव्हील (इंजिनामागचे जड चाक) आणि क्लच अजून इंजिनावरच आहेत. इंजिन पूर्ण उघडायचे असून क्रँकही (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) काढायचा आहे. ज्यांनी जुन्या इंजिनांची अशी कामे स्वतःच्या हाताने केली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुना फिटर

आपण बोल्ट जोर न लावता परत काढलात, हे फार चांगले केलेत. सत्तर वर्षांहून जुन्या बिडातले आटे एकदा मेले की स्टँडचा प्रश्न बाजूलाच राहतो आणि ब्लॉक दुरुस्तीला न्यावा लागतो.

प्रथम संपविषयी. संपच्या कडेला स्टँडचा एकही हात लावू नका. अल्युमिनियमची ती कड गिअरबॉक्सचा सांधा घट्ट राहावा म्हणून आहे, अख्खे इंजिन अधांतरी तोलण्यासाठी नाही. त्याशिवाय साधी गोष्ट अशी की, क्रँक काढायचा म्हणजे हाच संप तुम्हाला स्टँडवर असताना उतरवायचा आहे. ज्या भागाच्या आधाराने इंजिन उभे आहे, तोच भाग सोडवायची वेळ येईल.

आता उरतात ती फक्त ब्लॉकची वरची छिद्रे. येथे थोडा हिशेब मांडला पाहिजे, कारण स्टँडच्या पाटीवरचा आकडा पाहून माणूस निश्चिंत होतो आणि चूक तेथेच होते. समजा, इंजिनाचे वजन १६० किलो आहे आणि त्याचे भारकेंद्र ब्लॉकच्या मागच्या कडेपासून ३२ सेंटिमीटर पुढे आहे. ब्लॉकच्याच छिद्रांतल्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या बोल्टमधले उभे अंतर १६ सेंटिमीटर असेल, तर वरच्या बोल्टवर मिळून इंजिनाच्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे ३२० किलोची ओढ येते. अंतर ८ सेंटिमीटरच मिळाले, तर तीच ओढ ६४० किलो होते. म्हणून मापे घेताना छिद्रांची संख्या जेवढी महत्त्वाची, तेवढेच त्यांचे एकमेकांपासूनचे उभे अंतर महत्त्वाचे आहे.

ही ओढ ऐकून घाबरण्याचे कारण नाही. ८.८ प्रतीचा (हा बोल्टच्या ताकदीचा दर्जा) ८ मिमीचा एक बोल्ट सरळ ताणात दोन टनांहून अधिक भार सहज घेतो. पण हे सरळ ताणापुरते खरे आहे. स्टँडच्या हाताची नळी ब्लॉकवर पूर्ण टेकली नाही, एका कडेला कागदाएवढी जरी फट राहिली, तर बोल्ट ताणला न जाता वाकतो आणि वाकणाऱ्या लांब बोल्टचा भरवसा देता येत नाही. जुन्या ब्लॉकच्या मागच्या कडेवर रंगाचे थर, गॅस्केटचे तुकडे आणि गंज हमखास असतो. तो खरवडून बीड उघडे पडल्याशिवाय नळी टेकवू नका. नळी आखूड पडते म्हणून मध्ये पाच-सहा वायसर रचण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. त्याऐवजी एकाच लांबीच्या जाड पोलादी बुशा लेथवर कापून घ्याव्यात.

मात्र तुमच्या इंजिनासाठी माझे स्पष्ट मत असे आहे की चार हातांनी थेट ब्लॉक धरण्याचा विचारच सोडावा आणि मध्ये एक पोलादी प्लेट घालावी. १२ मिमी जाडीची प्लेट घ्या. ब्लॉकच्या मागच्या कडेवर जेवढी छिद्रे बिडात आहेत, तेवढी सगळी तिच्यावर उतरवून घ्या आणि मूळ बोल्टच्याच आट्यांचे आखूड बोल्ट त्यांत वापरा. स्टँडचे हात या प्लेटला १२ मिमीच्या ८.८ प्रतीच्या बोल्टनी जोडा. यामुळे भार दोन-तीन छिद्रांवर न पडता सगळ्यांवर वाटला जातो, बोल्ट आखूड राहतात, आणि स्टँडच्या हातांची जागा ब्लॉकच्या छिद्रांवर अवलंबून राहत नाही. प्लेटच्या मध्यभागी क्रँकच्या फ्लँजपेक्षा मोठे भोक ठेवा, म्हणजे मागचे काम करायला आणि क्रँक उचलायला जागा मिळेल. चाळीस सेंटिमीटर चौरस प्लेट १५ किलोची भरते, तेव्हा नको असलेले कोपरे कापून टाकावेत.

छिद्रे उतरवण्यासाठी जाड पुठ्ठा ब्लॉकच्या कडेवर धरून गोल तोंडाच्या हातोडीने हलकेच ठोकत जा. छिद्राची कड पुठ्ठ्यावर स्वच्छ उमटते. गिअरबॉक्स वेगळा झालेलाच आहे, तर बेल हाउसिंग प्लेटवर ठेवून खुणा केल्यास अधिकच अचूक होईल.

फ्लायव्हील आणि क्लच मात्र आधी काढावे लागतील, कारण प्लेट लागल्यावर ते निघणार नाहीत. इंजिन टायरवर टेकलेले आहे त्याच अवस्थेत काढा. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक पूर्ण सोडू नका. आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा सोडत जा, नाहीतर कव्हर वाकते. फ्लायव्हीलची क्रँकवरची जागा सेंटर पंचने खूण करून ठेवा. त्याच्या बोल्टखाली दुमडलेले लॉकवायसर असतील, ते आधी सरळ करावे लागतात आणि परत वापरायचे नसतात. शेवटचा बोल्ट सोडताना दुसरा माणूस हाताशी हवाच. फ्लायव्हील पायावर पडले तर पाय वाचत नाही.

उत्तर : टर्नर

आट्यांचे कोडे मी सोडवतो, कारण या इंजिनाच्या बाबतीत हा गोंधळ पुन्हा पुन्हा होतो. तुमचे दोन्ही निरीक्षण बरोबर आहेत. बोल्टचे डोके व्हिटवर्थ पान्याचे आहे आणि आटे मात्र मेट्रिक आहेत, तेही बारीक पिचचे (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर). बाजारात सहज मिळणाऱ्या ८ मिमी बोल्टची पिच १.२५ मिमी असते. या इंजिनावरच्या ८ मिमी बोल्टची १ मिमी असते. म्हणून तुमचा बोल्ट दोन आटे गेला आणि अडला.

याचे कारण इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धानंतर मॉरिस मोटारींसाठी इंजिने बनवणाऱ्या कॉव्हेंट्रीतील हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यातली यंत्रे मेट्रिक आटे कापणारी होती. १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखाना विकत घेतला आणि यंत्रे बदलण्याऐवजी आटे तसेच ठेवले. ब्रिटिश गिऱ्हाइकाकडे पाने मात्र व्हिटवर्थ मापाचे असत, म्हणून बोल्टची डोकी त्या मापाची केली. त्याच परंपरेतून आलेले एक्सपीएजी इंजिन टीडीपर्यंत पोहोचले, आणि त्याबरोबर हे आटेही.

तेव्हा अंदाजाने काहीही न घालता पिच गेज लावून मूळ बोल्ट तपासा. गेज नसेल, तर सोपी कसोटी अशी की बोल्टवरचे दहा आटे व्हर्नियरने मोजा. १० मिमी भरले तर पिच १, साडेबारा भरले तर १.२५. छिद्रांत आधी ८ बाय १ चा टॅप (छिद्रात आटे पाडायचे हत्यार) फक्त हाताने, तेल लावून, फिरवा. येथे आटे नव्याने कापायचे नसून त्यांतली घाण काढायची आहे. टॅप चिमटीत धरून फिरत नसेल, तर तो तिरपा लागला आहे किंवा छिद्रात मोडका बोल्ट आहे. टॅप बाहेर आला की त्याच्या खाचांत काळपट लाल भुकटी साचलेली दिसेल. ती पुसून तो पुन्हा फिरवावा आणि शेवटी छिद्र हवेने फुंकावे. असे फुंकताना डोळ्यांवर चष्मा असावा.

बोल्टची लांबी ठरवताना छिद्राची खोली तारेने मोजा. बिडात बोल्ट त्याच्या जाडीच्या निदान दीडपट, म्हणजे ८ मिमीचा बोल्ट १२ मिमी तरी जायला हवा. समजा छिद्र २० मिमी खोल आहे, प्लेट १२ मिमी आणि वायसर २ मिमी जाड आहे. तर ३० मिमी लांबीचा बोल्ट १६ मिमी आत जाईल आणि तळाशी ४ मिमी मोकळे राहतील. बोल्ट तळाला टेकला तर पाना घट्ट लागतो, आपल्याला वाटते की बोल्ट आवळला गेला, आणि प्लेट मात्र सैलच राहते. ही फसगत सगळ्यात धोक्याची आहे. प्रत्येक बोल्ट प्लेटशिवाय आधी हाताने पूर्ण घालून पाहा. आवळण्याचा जोर २० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे; जुन्या बिडाला त्याहून अधिक देण्याची गरज नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दहा आटे मोजले, बरोबर १० मिमी भरले. फ्लायव्हील उतरवले आणि पुठ्ठ्यावर छिद्रेही उमटवून घेतली. प्लेट कापायला दिली आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. प्लेटवर स्टँडच्या हातांची छिद्रे नेमकी किती उंचीवर पाडावीत, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल? आणि इंजिन उचलताना साखळी कोठे अडकवावी? काढताना ती आम्ही एका बाजूला डायनामोच्या ब्रॅकेटला आणि दुसऱ्या बाजूला हेडच्या एका स्टडला अडकवली होती.

उत्तर : गॅरेजवाला

डायनामोच्या ब्रॅकेटला पुन्हा साखळी लावू नका. तो ब्रॅकेट डायनामोपुरताच आहे. हेडच्या स्टडवर जाड पट्टीच्या दोन कड्या नटाखाली आवळून बसवाव्यात, एक पुढे आणि एक मागे, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. साखळी लांब ठेवा. तिच्या दोन्ही बाजूंमधला कोन ६० अंशांचा असला, तर १६० किलोच्या इंजिनासाठी प्रत्येक बाजूवर सुमारे ९२ किलोची ओढ येते. कोन १२० अंशांवर गेला, की प्रत्येक बाजू पूर्ण १६० किलो ओढू लागते आणि ती ओढ आडवी असल्यामुळे स्टड वाकतात. साखळी आखूड करून क्रेनची उंची वाचवण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा.

फिरण्याच्या उंचीबद्दल. अनेक जण स्टँडच्या डोक्याचा मध्य क्रँकच्या मध्यावर आणतात, कारण ती जागा डोळ्याला सहज सापडते. पण लोखंडी हेड जागेवर असताना या इंजिनाचे भारकेंद्र क्रँकच्या बरेच वर असते. तेव्हा क्रँकच्या रेषेत धरलेले इंजिन स्टँडचे डोके अडवणारी खीळ काढताच डोक्याकडून खाली कोलमडायला बघते. भारकेंद्र शोधायचे असेल, तर इंजिन साखळीला लटकवून साखळीच्या रेषेत ओळंबा सोडा आणि ब्लॉकवर खडूने रेघ मारा. मग साखळीची जागा बदलून पुन्हा रेघ मारा. दोन रेघा जेथे छेदतील, त्या उंचीच्या किंचित वर स्टँडचा मध्य ठेवा. मग इंजिन आपणहून सरळ राहील आणि फिरवायलाही जड जाणार नाही.

ही जागा कायमची नसते, हे लक्षात असू द्या. हेड काढले की भारकेंद्र खाली सरकते. मग इंजिन उलटे केल्यावर जड बाजू वर येते आणि ते पुन्हा फिरायला धावते. क्रँक काढल्यावर पुन्हा हिशेब बदलतो. म्हणून प्लेटवर स्टँडच्या हातांसाठी छिद्रांच्या दोन ओळी, साधारण चार सेंटिमीटरच्या अंतराने, आताच पाडून घ्या. लांबट खाच मात्र पाडू नका, तिच्यात बोल्ट सरकतो. आणि इंजिन फिरवताना प्रत्येक वेळी लांब दांडा हातात घट्ट धरल्यावरच खीळ काढायची, हा नियम मोडू नये.

उलटे करण्याआधी पाणी आणि तेल काढले असे समजू नका, तपासा. ब्लॉकच्या बाजूच्या नळातून पाणी येत नाही याचा अर्थ ब्लॉक रिकामा आहे असा नसतो. नळ पूर्ण काढून छिद्रात तार घाला. आत घट्ट बसलेला गंजाचा चिखल ढवळला गेला, की विटकरी रंगाचे पाणी अचानक भसकन बाहेर येते. शिवाय या इंजिनाच्या क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखे रबरी सील नाही. क्रँकवर कापलेली चक्राकार खाच फिरताना तेल परत आत ढकलते. इंजिन थांबलेले आणि कललेले असले की तेथून तेल मुकाट ठिबकत राहते, म्हणून स्टँडच्या डोक्याखाली ट्रे ठेवावा. संप इंजिन आडवे करून काढा. सरळ उलटे केले, तर त्याच्या तळाचा अनेक वर्षांचा गाळ क्रँकवर आणि सिलिंडरांत उतरतो.

जाता जाता एक तुलना देतो, कारण स्टँड सगळ्याच इंजिनांना मागूनच धरतो असा समज पक्का झालेला असतो. फोर्डच्या १९३२ ते १९४८ या काळातल्या फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनांत बेल हाउसिंगचा वरचा भाग ब्लॉकमध्येच ओतलेला असतो. त्यामुळे ते काम करणारे अनेक कारागीर इंजिन बाजूने, एक्झॉस्टच्या तोंडाशी असलेल्या छिद्रांत प्लेट बसवून धरतात. तेव्हा इंजिन पाहून स्टँडची जोडणी ठरवावी लागते. तुमच्या इंजिनाला मागची प्लेट पुरेशी आहे.

उत्तर : जुना फिटर

वरील सर्व सूचनांशी मी सहमत आहे. स्टँडविषयी एक राहिले होते. तीन पायांच्या स्टँडला पुढे एकच चाक असते. उमेदवारीच्या काळात मी ज्या वर्कशॉपमध्ये होतो, तेथे असाच स्टँड आम्ही दोघे ढकलत होतो. पुढचे चाक फरशीच्या बोटभर रुंद भेगेत अडकले, मागचा जोर तसाच राहिला, आणि पूर्ण इंजिन एका कुशीवर गेले. आमच्यापैकी कोणाला इजा झाली नाही, पण पाण्याच्या पंपाची बॉडी आणि ब्लॉकचा एक कान तुटला. तो कान पुन्हा जोडायला महिना गेला. तेव्हापासून मी इंजिन स्टँडवर लावल्यानंतर ते शक्यतो हलवतच नाही. आधी जागा झाडून, स्टँड तेथे उभा करून, चाकांना पाचर लावतो आणि मगच क्रेन त्याच्याकडे नेतो.

क्रेनची साखळीही लगेच सोडू नका. सगळे बोल्ट आवळून झाल्यावर साखळी हळूहळू सैल करा, एवढीच की ती लोंबू लागेल, आणि अर्धा तास तशीच ठेवा. प्लेट आणि ब्लॉकच्या सांध्यात वरच्या बाजूला बारीक फीलर गेजचे (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचे) पाते घालून पाहा. ते आत शिरत असेल, तर बोल्ट तळाला टेकलेला आहे किंवा प्लेट वाकते आहे. काम अनेक आठवडे चालणार असेल, तर रोज रात्री इंजिनाच्या पुढच्या बाजूला, जेथे गाडीतले मूळ माउंटिंग बसते तेथे, लाकडी ठोकळ्यावर जॅक टेकवून हलका आधार द्या. आणि हेडचे नट शेवटच्या जोराने आवळण्याचे काम स्टँडवर न करता इंजिन खाली टेकवून करा. त्या जोराने स्टँडचे हात पिळले जातात आणि टॉर्क पान्याचा आकडा खोटा येतो.

प्रश्नकर्ता

काल संध्याकाळी इंजिन स्टँडवर चढले. दोन रेघांच्या पद्धतीने भारकेंद्र शोधले, तर ते माझ्या अंदाजापेक्षा सहा सेंटिमीटर वर निघाले. मी क्रँकच्या मध्यावरच छिद्रे पाडणार होतो. प्लेटला सहा बोल्ट लागले. त्यांपैकी एक पूर्ण आवळूनही वायसर बोटाने फिरत होता. काढून पाहिले, तर त्या एका छिद्राची खोली बाकीच्यांपेक्षा कमी, जेमतेम १४ मिमी होती. तो बोल्ट २६ मिमीचा कापून घेतला. आता तो १२ मिमी आत जातो आणि नीट बसतो. टर्नर यांनी प्रत्येक बोल्ट आधी हाताने घालून पाहायला सांगितले होते. मी चारच पाहिले होते.

साखळी अर्धा तास सैल ठेवली. ०.०५ मिमीचे पाते सांध्यात कोठेही शिरले नाही. ब्लॉकचा नळ काढून तार घातल्यावर सांगितल्याप्रमाणेच विटकरी पाणी आले, जवळजवळ दीड लिटर, आणि आदल्या दिवशी मी तो ब्लॉक कोरडा समजून चुकलो होतो. आज सकाळी खीळ काढून दांड्याने इंजिन आडवे केले. एका हाताने फिरले. ट्रेमध्ये रात्रभरात काळ्या तेलाचे नाण्याएवढे थारोळे साचले आहे. संपचे बोल्ट उद्या सोडायला घेतो.